ज्वारीच्या दाण्याएवढं पोलाद

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला अर्जुनरावांची लॉरी पिंपळे गुरवात आली तेव्हा पुढच्या बाकावर ड्रायव्हरच्या शेजारी एक म्हातारी बसलेली होती. ज्योतीरामला वाटलं, वाटेत उतरायची असेल कुणीतरी. पण लॉरी त्याच्या खोलीमागच्या चिंचेखाली उभी राहिली आणि ड्रायव्हरने आधी खाली उडी मारून म्हातारीला हाताला धरून उतरवून घेतलं.

"ही गवराबाई. सोनबाची आई," चाकणचे अर्जुनराव म्हणाले. सोनबा म्हणजे तो ड्रायव्हर. "काम व्हईस्तोवर हितंच बसनार म्हणती. बसू द्या मिस्त्री, तिचा काय तरास न्हाई."

म्हातारीने इकडंतिकडं पाहिलं, धुणं धुवायच्या दगडावर पदर झटकला आणि इंजिनाकडे तोंड करून बसली.

ज्योतीराम मूळचा बार्शीचा. तिथल्या गिरणीत फिटर होता. दीड वर्षापूर्वी, सत्तावन्न साली, चिंचवडला नवीनच निघालेल्या एका कंपनीत तो टूलरूमला लागला आणि बायकोला, शालनला, घेऊन पिंपळे गुरवात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिला. रविवारी घरी तो बाहेरची कामं करायचा. बीडात, म्हणजे ओतीव लोखंडात, भोक पाडून आटे पाडावेत तर त्यानेच, असं विहिरीवर इंजिनं बसवलेले बागाईतदार एकमेकांना सांगायचे. अर्जुनराव ते ऐकूनच आले होते.

काम दिसायला साधं होतं. इंजिनाच्या पोटातून तेलाची नळी जाते, तिथलं जुनं भोक मोठं करून आटे पाडायचे आणि नवा तेलाचा काटा जोडायचा. काटा ड्रायव्हरच्या समोर फळीवर बसायचा. पण अर्जुनरावांनी त्यामागची हकीकत सांगितली तेव्हा ज्योतीरामच्या हातातला चहा निवला.

जुन्या काट्याची नळी पूर्वीच तुटली होती. कुठल्याशा मिस्त्रीने त्या भोकात शिशाची गुडदी, बूच म्हणून, ठोकून दिली आणि 'काट्यावाचून गाडी काय अडत नाही' म्हणाला. मागच्या पौषात मुंबईहून पत्रे भरून येताना बोरघाटात ती गुडदी सुटली. तेल रस्त्यावर सांडत गेलं, आत कुणाला पत्ता नाही. ऐन चढावर इंजिन धरलं, जागीच जाम झालं. लॉरी मागं सरकायला लागली. सोनबाचा धाकटा भाऊ मुरारी गाडीवर क्लीनर होता. चाकामागं दगड लावायला त्याने उडी मारली. दगडावरून चाक गेलं आणि मुरारीवरूनही गेलं.

"इंजिन नवं करून आनलंय, भोकात तात्पुरती गुडदी हाय," अर्जुनराव म्हणाले. "सोनबासारखा ड्रायव्हर मला मिळायचा न्हाई. पन म्हातारी त्याला चाकावर बसू दीना. काटा लावला तरच, म्हणती. आन लावताना मी सोता बघनार, म्हणती."

सोनबा मान खाली घालून चप्पलने माती उकरत उभा होता. चाकणच्या बाजारातून सोमवारी सकाळी कांदा भरून मुंबईला निघायचं होतं. तीन वाजेपर्यंत परत येतो, असं सांगून अर्जुनराव त्याला घेऊन टायर बघायला पुण्याला गेले.

ज्योतीरामने आधी गुडदीच्या भोवतालची सगळी जागा रॉकेलने पुसून काढली. गुडदी काढली, भोक मोठं केलं. साडेतीन सुती, म्हणजे करंगळीएवढं. ड्रिल हाताने फिरवायचं, छातीने रेटायचं. बीडाचा काळा कीस पडायला लागला की तो थांबायचा, ग्रीस लावलेल्या काडीने कीस उचलायचा, कागदावर पुसायचा, पुन्हा फिरवायचा. इंजिन खोललेलं असतं तर धुऊन मोकळं झालं असतं. पण हे नुकतंच जोडलेलं होतं, आणि कीस आत गेला तर थेट तेलाच्या वाटेत जाणार होता. म्हणून एवढी खबरदारी.

गवराबाई तासभर त्याचे हात बघत होती. मग म्हणाली, "त्यो काटा काय करतो, बाबा?"

"तेल फिरतंय की नाही ते दाखवतो, मावशी. इंजिनातले सगळे भाग एकमेकांवर घासतात ना, त्यांच्यात तेलाचा पातळ थर असतो. तो गेला की लोखंडाला लोखंड चिकटतं. इंजिन धरतं."

"तसं व्हायच्या आदी काटा सांगतो?"

"सांगतो. काटा वर आहे तोवर गाडी हाकायची. काटा पडला की तिथंच थांबायचं."

"तवा काटा असता तर?"

ज्योतीरामने ड्रिल खाली ठेवलं. "तर इंजिन धरायच्या आधीच सोनबाला कळलं असतं."

म्हातारीने मान हलवली. रडली नाही. शालनने तिला भाकरी आणून दिली, तीही तिने दगडावरच बसून, इंजिनावरची नजर न काढता खाल्ली. नंतर ज्योतीरामच्या हातातली चिंधी तेलाने भिजली तेव्हा तिने आपणहून दुसरी उचलून दिली.

बारा वाजता भोक तयार झालं. आता आटे. त्यासाठी लागणारे तीन टॅप ज्योतीरामकडे नव्हते. ते कंपनीचे होते. टूलरूमच्या स्टोअरचे दौलतराव यांनी शनिवारी सुटताना पितळी बिल्ला ठेवून घेऊन त्याला दिले होते. "सोमवारी सात वाजता माझ्या फडताळात दिसले पाहिजेत," एवढंच म्हणाले होते. हत्यारं बाहेर न्यायला कंपनीत बंदी होती. दौलतरावांनी ती ज्योतीरामच्या भरवशावर मोडली होती.

टॅप दिसायला मोठ्या स्क्रूसारखा असतो, पण जात काचेची. लोखंड कापायचं म्हणून इतका कडक केलेला की वाकणं माहीत नाही. जोर जास्त झाला की मोडतो. म्हणून तो फिरवायची एक रीत आहे. अर्धा वेढा पुढं, पाव वेढा मागं. मागं घेतलं की कापलेला कीस तुटून सुटा होतो. ज्योतीराम बार्शीला उमेदवारी करत होता तेव्हा हे शिकायलाच त्याला चार महिने लागले होते. आता हात आपोआप चालायचे.

टॅप छान उतरत होता. अर्धा पुढं, पाव मागं. म्हातारी बघत होती. ऊन चिंचेतून खाली उतरून त्याच्या मानेवर आलं होतं. तीन वाजता ते लोक येतील, त्याआधी काटा जोडून इंजिन चालवून बघायचं, असं काहीबाही त्याच्या डोक्यात चाललं होतं. आणि त्या वेळी त्याने मागं न घेता एक अख्खा वेढा पुढं मारला.

बारीक आवाज झाला. बांगडी पिचल्यासारखा.

हातातला दांडा एकदम हलका झाला. ज्योतीराम तसाच दांडा धरून उभा राहिला.

"काय मोडलं?" गवराबाईने विचारलं.

"हत्यार मोडलं, मावशी. होतं असं कधी कधी."

"माझ्यामुळं? मी बगत व्हते म्हून?"

"नाही नाही. माझ्यामुळं."

पुढचे दोन तास त्याने मोडलेला टॅप काढण्यात घालवले. वर टोक उरलं नव्हतं की पकडीने धरावं. बारीक छिन्नीने ठोकून त्याचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा ग्रीसच्या काडीने, चुंबक लावलेल्या तारेने वर ओढायचा, एवढा एकच मार्ग होता. प्रत्येक ठोक्याला त्याला वाटायचं, आता हा आत उडणार. शालन बाहेर येऊन त्याच्या तोंडाकडे बघून पुन्हा आत गेली. शेवटी भोक मोकळं झालं. आटे थोडे दुखावले होते, पण दुसऱ्या टॅपने ते साफ आले. त्याने भोक उघडंच ठेवून इंजिन चार क्षण फिरवलं. आतून तेलाची पिचकारी आली. समोर बांधून ठेवलेल्या पांढऱ्या धडुत्यात त्याने ते तेल घेतलं. बीडाचा कीस होता, पोलादाचे दोन बारीक कण होते.

मग तो वर्तमानपत्राचा कागद पसरून खाली बसला आणि टॅपचे तुकडे एकाला एक जुळवायला लागला. वरचा भाग, मधला, टोक, दाते. फुटलेली मूर्ती जुळवावी तसे जुळवले. एका जागी खाच राहिली. तो तुकडा कुठंच नव्हता. ज्वारीच्या दाण्याएवढा असेल.

त्याने पुन्हा चुंबकाची तार आत फिरवली. काही आलं नाही. इंजिनाखालची माती चाळली. चिंचेचा पाला होता, जुने स्क्रू होते, दाणा नव्हता.

पुण्याहून दोघं परत आले तेव्हा सव्वातीन झाले होते. ज्योतीरामने तोपर्यंत तेल झिरपू नये म्हणून सफेदा लावून काट्याची नळी आवळून बसवली होती. तुकड्यांचा कागद दुमडून त्याने सदऱ्याच्या खिशात घातला होता. ठेवताना त्याने ठरवलं काहीच नव्हतं. आधी काटा चालतो का बघू, मग सांगू, असं त्याच्या मनात होतं.

सोनबाने हँडल मारलं. इंजिन धडधडलं आणि फळीवरचा काटा सरकत सरकत चाळिसावर जाऊन ठाम उभा राहिला. अर्जुनराव हसले. सोनबाचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा खुलला. त्याने आईला हाताला धरून वर चढवलं, काटा दाखवला. म्हातारी वाकून बघत राहिली. मग तिने खिडकीतून ज्योतीरामकडे तोंड केलं.

"बाबा, तुमी सांगा. बसू देऊ का ह्याला?"

इंजिन चालूच होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. तुकडा बाहेर कुठंतरी उडाला असणार. आत असला तरी तळाला जाऊन बसेल, जाळीत अडकेल. शंभरातल्या नव्वद वेळा काही होत नाही. आणि सांगायचं तर आत्ता इंजिन खोलावं लागणार, उद्याचा कांदा राहणार, अर्जुनराव आरडाओरडा करणार, टॅप कुठला होता ते निघणार. हे सगळं एका दमात त्याच्या मनातून गेलं.

"बसू द्या, मावशी," तो म्हणाला.

गवराबाईने वरूनच हात जोडले. लॉरी गेली.

रात्री तो जेवला नाही. शालनने कारण विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाला. सोमवारी उजाडताच तो अंगणात कागद उलगडून बसलेला तिला दिसला. पुन्हा तेच तुकडे, पुन्हा तीच खाच.

"अहो, काय आहे ते?"

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं. शालन उंबऱ्यावर बसून ऐकत होती.

"म्हणजे तो तुकडा आत आहे?"

"माहीत नाही. तेच तर. असला आणि तेलाबरोबर बेअरिंगमध्ये घुसला, तर काटा चाळिसावर असतानाच इंजिन धरेल. काट्याला त्यातलं काही कळायचं नाही."

शालन उठून कागदाजवळ आली. मग म्हणाली, "सात वाजता तुम्हाला टॅप परत करायचेत. दौलतरावांनी तुमच्यासाठी नियम मोडलाय. आधी कामावर जा. साहेबांना सांगा, सुट्टी घ्या, मग चाकणला जा."

"तोवर लॉरी निघून जाईल."

"आणि नोकरी गेली तर? परत बार्शी?" तिचा आवाज चढला. "तिथं काय ठेवलंय आपलं?"

ज्योतीराम उठला. त्याने राहिलेले दोन टॅप आणि तुकड्यांचा कागद एका पिशवीत बांधला, हत्यारांची पेटी सायकलला लावली आणि निघाला. नाशिक फाट्यावर तो थांबला. डावीकडे मुंबईच्या रस्त्याला कंपनीची माणसं सायकलींवरून चालली होती. त्यातल्या ओळखीच्या एकाने हात केला. ज्योतीरामने ती पिशवी त्याच्याकडे दिली. "दौलतरावांना द्या. म्हणावं, एक मोडलाय. मी येऊन सांगतो," एवढं म्हणून त्याने सायकल चाकणच्या रस्त्याला घातली.

भोसरी मागं पडली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला. चैत्राचं ऊन आठ वाजताच लागायला लागलं होतं. चाकणच्या बाजारात तो पोचला तेव्हा धोतराच्या घोळापर्यंत धूळ होती आणि घशाला कोरड पडली होती. कांद्याच्या राशी, बैलगाड्या, पोती शिवणारी माणसं. अर्जुनरावांची लॉरी नव्हती. वखारीच्या सावलीत गवराबाई एकटी बसून पातीचे कांदे निवडत होती.

"मावशी, सोनबा?"

"गेला की. अर्धा तास झाला. तळेगावच्या रस्त्यानं." ती हसली. "चाळिसावर व्हता काटा. मी बगितला."

ज्योतीराम तिच्यासमोर उकिडवा बसला. उभं राहून सांगणं त्याला जमेना.

"मावशी, काल ते हत्यार मोडलं ना, त्याचा एक तुकडा मला सापडला नाही. तो इंजिनात गेला असेल. गेला नसेलही. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही."

म्हातारीचे हात थांबले. तिला किती कळलं असेल, याचा त्याला अंदाज येईना. पण तिने नेमकं तेच विचारलं.

"इंजिन धरंल?"

"धरू शकतं."

"काटा सांगंल?"

"नाही."

"मी इचारलं तवा तुमी बसू द्या म्हनलात."

"हो."

तिने काही शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने हातातला कांदा खाली ठेवला. मग एकदम ओरडली, "आन मंग हितं काय बसलायस रं? जा की! ऊठ!"

तीच उठली. बाजाराच्या दारात मालोजी नावाच्या ड्रायव्हरची कांद्याची लॉरी निघायच्या बेतात होती. म्हातारीने तिच्यापुढं आडवं उभं राहून ती थांबवली आणि ज्योतीरामला वर चढायला लावलं. सायकल पोत्यांवर टाकली.

मालोजीची लॉरी जुनी होती, जोर करायची नाही. तळेगावच्या नाक्यावर चहावाला म्हणाला, अर्जुनरावांची गाडी मघाच गेली. कामशेतला रस्त्याकडेला एक लॉरी उभी दिसली तेव्हा ज्योतीराम दाराबाहेर वाकला, पण ती दुसरीच होती. प्रत्येक वळणावर त्याची नजर आधी रस्त्याकडेच्या दरीत जायची. मालोजीने एकदोनदा विचारलं, एवढं काय झालंय? ज्योतीरामने सांगितलं तेव्हा तो गाडी आणखी रेटायला लागला.

खंडाळ्याला घाट उतरायच्या आधी सगळ्या लॉऱ्या पाणी भरायला थांबतात, रांगेत अर्धा-पाऊण तास जातो. तिथं ती दिसली. सोनबा झाकण उघडून रेडिएटरमध्ये बादली ओतत होता.

ज्योतीराम धावत गेला. "सोनबा, इंजिन बंद कर. घाटात घालू नकोस."

सोनबाने बादली खाली ठेवली. आधी त्याला काही समजेना. समजलं तेव्हा त्याने ज्योतीरामच्या सदऱ्याला धरलं.

"काल सांगायला तोंड शिवलं व्हतं काय तुजं? माझ्या आईनं हात जोडले तुला!"

"मार हवं तर. पण आधी खालून उघडून बघू दे."

सोनबाने मारलं. एकच, तोंडात. मग सोडून दिलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन पाठ करून उभा राहिला. मालोजी मध्ये पडायला आला होता, त्याला काही करावं लागलं नाही. त्याने सायकल उतरवून दिली, संध्याकाळपर्यंत मुंबईत पोचायचं म्हणून निघाला आणि जाताना सोनबाला म्हणाला, "मानूस आलाय तरी सांगायला. बगू दे त्याला."

ज्योतीरामने चाकांना दगड लावले, दोन दोनदा हलवून बघितले आणि गाडीखाली शिरला. गरम तेल डब्यात काढलं. इंजिनाची खालची तेलाची पेटी सोडवली. तिच्या तळाचं तेल फडक्यातून गाळलं. काळा कीस निघाला. तो बघून सोनबा पुढं आला आणि गाडीखाली शिरून पान्हा धरायला लागला. मग एकेक बेअरिंग उघडायला सुरुवात केली. पांढऱ्या धातूवर अंगठा फिरवायचा, उजेडात तिरकं करून बघायचं, ओरखडा आहे का, काही रुतलंय का. पहिलं साफ. दुसरं साफ. तिसऱ्यावर एक बारीक रेघ होती, पण ती घडवतानाचीही असू शकत होती. चौथं साफ. रस्त्यावरून लॉऱ्या जायच्या आणि त्यांची धूळ दोघांच्या डोळ्यांत यायची. वर पोत्यांतला कांदा उन्हाने उबून वास सोडत होता.

चार वाजता सगळं बघून झालं. तुकडा सापडला नाही.

ज्योतीराम गाडीखाली तसाच उताणा पडून राहिला. तो सापडावा, अशी त्याने इतकी आशा धरली होती की आता न सापडल्याचा आनंद होईना.

"न्हाई ना?" सोनबाने विचारलं.

"नाही. बाहेर पडला असेल. नाहीतर वरच्या नळीत कुठंतरी अडकलाय. ती इथं खोलता येत नाही."

"म्हंजी अजून बी सांगता येत न्हाई."

"नाही."

सोनबा गाडीखालून बाहेर आला, कापसाने हात पुसत बसला. पुसून झाल्यावर म्हणाला, "तू आला नसतास तर मी आत्तापातूर खोपोलीला उतरून च्या पीत असतो. मला काय ठावं नव्हतं. आता ठावं झालं. आता कशी हाकू सांग?"

"हाकू नकोस. मी अर्जुनरावांना जाऊन सांगतो. कांद्याला दुसरी गाडी बघू."

"हितं कुटली मिळतीया? आन कांदा उद्या सकाळपातूर टिकल? मालक मला बी खाईल आन तुला बी."

सोनबाने एका पोत्यात हात घालून कांद्याची ऊब बघितली. शेवटी ज्योतीराम उठला. पेटी परत बसवली, तेल गाळून भरलं. "मग मी तुझ्याबरोबर येतो," तो म्हणाला. "हळू उतरव. बारीक जरी वेगळा आवाज आला तरी मला कळेल. तुला थांब म्हणीन तिथं थांबायचं, मग ते कुठंही असो."

सोनबाने त्याच्याकडे बघितलं आणि बाकावरचं फडकं उचलून जागा करून दिली. मुरारी बसायचा ती जागा, हे ज्योतीरामला बसल्यावर कळलं, कारण सोनबाची नजर एकदा तिथं आली आणि चटकन वळली.

घाट उतरायला सव्वा तास लागला. मागच्या लॉऱ्या भोंगे वाजवून पुढं गेल्या. काटा पस्तीस-चाळिसात होता, पण ज्योतीराम काट्याकडे बघत नव्हता. तो पायाखालच्या पत्र्यावर हात ठेवून, डोळे मिटून, इंजिनाचा आवाज ऐकत होता. दोनदा त्याने थांबवलं. एकदा नुसता सैल पत्रा वाजत होता. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं. ज्या वळणावर मुरारी गेला तिथं सोनबाने गाडी अगदी पावलाच्या वेगावर आणली. खोपोलीला पोचल्यावर ज्योतीरामने आधी चाकांना दगड लावले, मग आपली सायकल उतरवून घेतली.

तिथून पुढं सपाटी, म्हणून सोनबा एकटा मुंबईला गेला, कांदा देऊन रिकामी गाडी हळूहळू चालवत बुधवारी परत आला. इंजिन धरलं नाही. अर्जुनरावांनी ते पुढं पुण्याच्या एका गॅरेजात पूर्ण खोलून घेतलं. तुकडा सापडला की नाही, ते ज्योतीरामला कुणी कळवलं नाही, आणि विचारायचं त्याचं तोंडही नव्हतं. त्यांच्याकडचं, किंवा त्यांच्या ओळखीतलं कुणाचंही काम नंतर त्याच्याकडे आलं नाही.

कंपनीत मंगळवारी त्याने फोरमनला सांगितलं, की टॅप आपण दौलतरावांना न विचारता नेला. दौलतराव शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "नाही साहेब, मी दिला." दोघांनाही ताकिदीची चिठ्ठी मिळाली. ज्योतीरामची टूलरूम गेली. त्याला खाली ड्रिल मशिनवर घातलं. एकाच मापाच्या लोखंडी चकत्यांना एकाच जागी भोक, दिवसभर. दौलतराव त्याच्याशी पूर्वीसारखे बोलायचे, पण काही मागायला गेला की आधी बिल्ले मोजून बघायचे. शालनने त्याला एकदाही बोलून दाखवलं नाही. बार्शीला मात्र तिने या सगळ्यातलं काही कळवलं नाही.

ज्येष्ठ लागल्यावर एका रविवारी दुपारी गवराबाई आली. एसटीने येऊन फाट्यापासून चालत आली होती. ज्योतीराम अंगणात सायकल पुसत होता. तो उठून उभा राहिला. तिने त्याच दगडावर बसून आधी दम घेतला.

"सोनबाला गाडीवरनं उतरवला मी," ती म्हणाली. "मालक लई बोलला. म्हणला, काटा हाय, इंजिन धुतलंय, आता काय? मी म्हणलं, मला रोज त्यो येस्तोवर वाटंकडं बगत बसवत न्हाई. झालं आता."

"माझ्यामुळं झालं, मावशी."

"तुज्यामुळं बी झालं." तिने ते सरळ सांगून टाकलं, राग नव्हता. "पन तू मागनं आलास. मुरारीच्या येळंला ज्यानं गुडदी ठोकली, त्यो अजून माज्या दारात आला न्हाई."

शालन पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हातारी घोटघोट पाणी प्यायली.

"सोनबाला तुमच्या कंपनीत लाव," ती म्हणाली. "हातात कसब हाय त्याच्या. जमिनीवरचं काम असंल ते."

ज्योतीरामला फोरमनचं तोंड आठवलं. आपल्या शब्दाला तिथं आता किती किंमत आहे, तेही आठवलं. पूर्वी असता तर त्याने होईल म्हणून टाकलं असतं.

"विचारून बघतो, मावशी," तो म्हणाला. "होईलच असं सांगत नाही. साहेबांचं माझ्यावर मन नाही आता. पण उद्या विचारतो आणि काय म्हणाले ते खरं खरं चाकणला येऊन सांगतो."

गवराबाईने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मान हलवली.

"मंग सांज व्हायच्या आत निगते मी," म्हणाली. "एसटी कितीला हाय?"

शालन म्हणाली, "पाचला. भाकरी टाकलीय. खाऊन जा."